बाबांच्या एस्टीममध्ये बलेनोचं १.६ इंजिन बसवावं का?

सूरसागरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमच्याकडे २००१ ची मारुती एस्टीम आहे. बाबांनी नवी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर, मालक एकच. दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात शिरताना दोन्ही आरसे मिटावे लागतात, तरी बाबा अजून एका दमात रिव्हर्स घेतात. इंजिन १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं, ८५ बीएचपी. सध्या तेल पितंय आणि सकाळी सुरू करताना निळा धूर. कंप्रेशन तपासलं, तिसरा सिलिंडर पडलाय. म्हणजे इंजिन उघडणं आलंच.

तेवढ्यात एका मित्राने डोक्यात किडा सोडला. खर्च करणारच आहेस तर जुन्या बलेनोचं १.६ बसव. (जुनी म्हणजे १९९९ ची सेदान, आत्ताची हॅचबॅक नव्हे.) तेव्हापासून झोप नाही. हलकी गाडी, मोठं इंजिन, घरच्या घरी छोटी स्पोर्ट्स सेदान! मकरपुऱ्याला एक कारीगर तयार आहे. बडोद्यात किंवा आसपास कुणी हे केलंय का? आरटीओचं काय? आणि बाबांना कसं सांगू? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

तिरकस
खुर्ची टाकून बसलोय. शेवउसळ मागवली आहे. चालू द्या.

पिस्टनराव
अरे वा, खूप दिवसांनी कामाचा धागा. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, सुझुकीच्या जी मालिकेतली. १.३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७५.५. १.६ चा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. पिस्टन एका मिलिमीटरने जाडला आणि साडेचौदा मिलिमीटर जास्त प्रवास करायला लागला. म्हणजे वाढलेले २९२ सीसी जवळपास सगळे उंचीतूनच आलेत.

म्हणून १.३ चे ८५ आणि १.६ चे ९४ बीएचपी हे आकडे शेजारी ठेवून नाक मुरडू नका. खरा फरक खालच्या आरपीएमला आहे. पावागडला माचीच्या घाटात चार माणसं घेऊन १.३ ला दुसऱ्या गिअरमध्ये रडवावं लागतं, तिथे १.६ तिसऱ्यात गुणगुणत जाईल. आणि बलेनो अंगाने भारी, एस्टीम नऊशे किलोच्या आत. माझं मत: बसवाच.

कोथरूडकर_काका
एस्टीमला स्पोर्ट्स सेदान म्हणणं म्हणजे आमच्या मेव्हण्याला खेळाडू म्हणण्यासारखं आहे. कॅरम खेळतो तो.

पिस्टनराव
काका, नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या रॅल्यांमध्ये जिप्सीच्या बरोबरीने एस्टीमच धूळ उडवत होत्या. मेव्हण्यांना एकदा बाजूच्या सीटवर बसवा.

जुनं_खोड
तुम्ही पोरं हे नवीन काहीतरी असल्यासारखं बोलता. आपल्या देशात कंपन्यांनीच इंजिनांची अदलाबदल करून संसार केलेत. कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा त्या भल्यामोठ्या अंगात अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम पन्नास अश्वशक्ती. हत्तीला सायकलचं पॅडल. मग इसुझूचं १.८ आलं आणि तीच गाडी माणसात आली. पुढे तेच इसुझू अँबॅसिडरमध्ये घातलं, १८०० आयएसझेड. माझ्याकडे होती. पाच गिअर, तेही खाली फ्लोअरवर! सिग्नलला शेजारचा मारुतीवाला चेष्टेने बघायचा आणि सिग्नल सुटल्यावर बघतच राहायचा. प्रीमियर ११८ एनई ची तीच कथा, अंग फियाटचं आणि काळीज निस्सानचं.

उलटं उदाहरणही आहे. स्टँडर्ड २०००. रोव्हरचं देखणं अंग घेतलं आणि आत जुनाट व्हॅनगार्डचं इंजिन. कंपनी त्यातून उठलीच नाही. तेव्हा इंजिन बदलल्याने गाडी तरते, तशी बुडतेही.

पिस्टनराव
खोडकाका, दंडवत. यात बीएमडब्ल्यूची गोष्ट जोडतो. त्यांच्या '१६००' या छोट्या गाडीमध्ये फॉन फाल्कनहाउझेन या इंजिनवाल्या साहेबाने स्वतःसाठी दोन लिटरचं इंजिन बसवून घेतलं. कंपनीतलेच दुसरे साहेब बोन्श, त्यांनीही गुपचूप तेच केलेलं. दोघांच्या गाड्या एकाच वेळी वर्कशॉपमध्ये आल्या आणि बिंग फुटलं. अमेरिकेतल्या आयातदाराला जोरकस गाडी हवीच होती. १९६८ मध्ये '२००२' नावाची गाडी बाजारात आली आणि छोटी स्पोर्ट्स सेदान म्हणजे काय हे जगाला तिने शिकवलं. थोडक्यात, सूरसागरकर एकटे वेडे नाहीत.

कोथरूडकर_काका
फरक इतकाच की त्या दोघांना आरटीओला जावं लागलं नाही.

मकरपुऱ्याचा_मिस्त्री
मी हे केलं आहे, दोनदा. एक एस्टीम, एक जिप्सी. माझं शॉप मशीनिंगचं आहे, गॅरेज नाही, पण हौस म्हणून. लिहितो जसं जमेल तसं, मराठी शाळा सातवीपर्यंतच.

पिस्टनरावांनी कागदावर उंची सांगितली. ती उंची प्रत्यक्षात कुठे जाते? बॉनेटमध्ये. १.६ चा ब्लॉक उंच आहे. गिअरबॉक्स एस्टीमचाच लागतो, बेल हाउसिंगचे बोल्ट जुळतात, तिथे देवाची कृपा. पण टायमिंगच्या बाजूचं माउंटिंग जुळत नाही. ब्रॅकेट नवीन बनवावा लागतो आणि तो बनवताना इंजिन किती खाली बसवायचं हे ठरवावं लागतं. फार खाली घेतलं तर ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो आणि ऑइल चेंबर स्पीडब्रेकरला भेटायला जातो. वर ठेवलं तर बॉनेट लागत नाही.

आम्ही काय केलं, बायकोकडून घट्ट कणीक मळून घेतली. इंजिनच्या वर पाच-सहा जागी लिंबाएवढे गोळे ठेवले, वर तेलाचं बोट लावलं म्हणजे चिकटत नाही. बॉनेट हळू सोडून दाबलं, परत उघडलं आणि चपटे झालेले गोळे कॅलिपरने मोजले. एका जागी गोळा पापडासारखा झाला होता, चार मिमी. चालत इंजिन हलतं, कमीत कमी पंधरा पाहिजे. ब्रॅकेट तीनदा बनवला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली आता गोळे नाही, पोळ्या खा आणि झोपा.

बाकी वायरिंग. इंजिनसोबत त्याचाच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) घ्या. भंगारवाला घाईत वायरी कटरने कापून देतो. तसं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका. माझे दोन महिने त्या वायरी जुळवण्यात गेले.

तिरकस
कणकेचा गोळा ही या वर्षातली सर्वोत्तम तांत्रिक माहिती आहे. +१००.

गोत्रीवाली
मिस्त्रीभाऊ, नंतर त्या कणकेचं काय केलंत?

मकरपुऱ्याचा_मिस्त्री
ताई, इंजिन ऑइल लागलेलं होतं. तळ्यातल्या माशांनासुद्धा घातली नाही.

कायदेपंडित
रसभंग करतो, क्षमस्व. पण धाग्यात कुणी हे लिहिलं नाही तर उद्या एखादा बिचारा अडकायचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकात निर्मात्याने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलासाठी, म्हणजे सीएनजी, बॅटरी वगैरेसाठी इंजिनमध्ये फेरफार करायला अटींसह वाट ठेवली आहे. इंजिन निकामी झालं म्हणून त्याच प्रकारचं दुसरं बसवलं तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नवा नंबर पुस्तकात चढवता येतो, कळवायची मुदत १४ दिवस. पण तुमच्या पुस्तकात १२९८ सीसी लिहिलंय आणि आत १५९० निघालं, तर ती दुरुस्ती नव्हे, तो बदल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं: अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

भंगारातलं_सोनं
साहेब एवढं घाबरवू नका. कोण बॉनेट उघडून बघतंय? आणि बघितलंच तर जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देणारे आहेत. एक तासाचं काम.

कायदेपंडित
ते एका तासाचं काम म्हणजे सरळ बनावटगिरी आहे. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बदलतात आणि पोलीस तुमच्याकडे त्याच नजरेने बघतील. असा सल्ला इथे देऊ नका.

आणि सूरसागरकर, तुमची गाडी २००१ ची. पंधरा वर्षं २०१६ ला संपली, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०२६ ला परत नंबर आहे. तेव्हा चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ते पाहिलं असेल. इंजिन नंबरही पाहतात.

सूरसागरकर
पाहिलंय. मागच्या वेळी बाबांनी स्वतःची पेन्सिल नेली होती, एचबी.

इंदुरी_पोहे
आमच्याकडे इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक. कधीमधी हौशी लोकांसाठी ड्रॅगचे कार्यक्रम होतात. रस्त्यावर चालवायचीच नसेल तर गाडी ट्रेलरवर टाकून आणा. सकाळी पोहे-जिलेबी माझ्याकडून.

गोत्रीवाली
बडोद्याहून इंदूरला ट्रेलरवर एस्टीम न्यायची? डिझेलच्या पैशात दुसरी एस्टीम येईल.

हालोलचा_निवृत्त
अवांतर: जोरकस छोटी सेदानच हवी तर ओपेल बघा. अॅस्ट्रा, कोर्सा आमच्याच हालोलला बनायच्या. दार लावल्यावर जो आवाज यायचा तो या जपानी डब्यांना येणार नाही. १९९६ ला पहिली अॅस्ट्रा पाहिली होती, २०१७ ला फाटक बंद होतानाही होतो. आता तिथे एमजी बनतात. असो.

तिरकस
दाराचा आवाज छानच होता. स्पेअर पार्ट मिळण्याचा आवाज कधी ऐकला नाही.

हालोलचा_निवृत्त
हे मात्र खरं बोललात.

सौ_क्लचप्लेट
इतका वेळ गप्प होते, पण इथे सगळे इंजिन कसं बसवायचं तेवढंच सांगताहेत. न बसलेल्या इंजिनाबरोबर कसं राहायचं ते मी सांगते.

आमच्या ह्यांनी एका छोट्या सेदानमध्ये दोन लिटरचं इंजिन टाकायचं ठरवलं. गाडीचं आणि गॅरेजचं नाव सांगत नाही, गाव आपलं नव्हे एवढं पुरे. दोन महिन्यांचा वायदा होता. चौदा महिने लागले. पहिले पाच महिने गाडी गॅरेजमध्ये, मग जागेचं भाडं मागायला लागला म्हणून टो करून घरी आणली. इंजिन नसल्याने पुढून हलकी, नाक वर करून उभी, एखाद्या रुसलेल्या सुनेसारखी. उन्हाळ्यात सोसायटीतल्या बायकांनी बॉनेटवर कुरडया वाळत घातल्या. मी पण घातल्या. तेवढा उपयोग झाला.

खर्च ठरल्याच्या दुपटीपेक्षा जास्त. शेवटी चालू झाली आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मीही हसले. अंगावर येते हो ती ओढ. पण तिसऱ्या दिवशी एक्सप्रेसवेवरून उतरताना ब्रेक दाबला तर पाय स्पंजावर ठेवल्यासारखा गेला. डिस्क जुन्याच होत्या. गाडी थांबली, पण कुठे थांबायची होती तिथे नाही. त्या संध्याकाळी दोघंही काही बोललो नाही. नंतर रेडिएटर, मग क्लच, मग पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायचा हट्ट धरायची. विमा कंपनीला विचारलं तर त्यांनी आधी इंजिनाचा कागद मागितला. कागद नव्हताच.

शेवटी विकली. घेणाऱ्याने इंजिन काढून दुसरीकडे लावलं म्हणे.

पिस्टनराव
सौ, ब्रेकचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आधी लिहायला हवा होता. वेग ८० वरून १०० केला की ब्रेकने गिळायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. इंजिन मोठं करणाऱ्याने आधी डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर यांचे पैसे बाजूला काढावेत. उरले तर इंजिन. तरी तुमचा आणि हा मामला वेगळा आहे. इथे इंजिन त्याच घराण्यातलं, वजनात फार फरक नाही.

सौ_क्लचप्लेट
आमच्या ह्यांचंही पहिलं वाक्य हेच होतं, "हा मामला वेगळा आहे."

जुनं_खोड
:) सौंनी मॅच संपवली.

बाजवा_जंक्शन
कुणी ई२० बद्दल बोलेल का? वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील खराब होतात. नवं-जुनं कुठलंही इंजिन ठेवा, आधी टाकीपासून पुढचे पाइप बदला. माझ्या झेनचा पाइप हाताने तुटला, बिस्किटासारखा.

सूरसागरकर
सगळ्यांचे आभार. एक कबुली द्यायची आहे. शिव्या द्या, पण लिहितो.

मी धागा काढला तेव्हा इंजिन घेऊन झालं होतं. कुर्ल्याहून. ईसीयू आणि न कापलेल्या हार्नेससकट, हे मिस्त्रीभाऊंनी सांगायच्या आधी मी केलं, त्याबद्दल पाठ थोपटून घेतो. टेम्पो रात्री साडेदहाला दांडिया बाजारात आला. मी आणि मित्राने ते जिन्याखाली सरकवलं आणि वर आजीची गोधडी टाकली. आईला सांगितलं, मित्राचं पाण्याचं मशीन आहे, चार दिवस ठेवायचंय. आज त्याला सात आठवडे झाले.

तिरकस
शेवउसळीची दुसरी प्लेट.

कोथरूडकर_काका
म्हणजे "बसवावं का" हा प्रश्नच नव्हता. लग्न लावून आल्यावर पत्रिका जुळते का विचारताय.

गोत्रीवाली
पाण्याचं मशीन!! =)) काकूंना खरंच पटलं?

सूरसागरकर
आईला पटलं. परवा गणपतीचं मखर काढायला बाबा जिन्याखाली गेले. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी आलो तर गोधडी घडी करून वर ठेवलेली आणि बाबा खुर्ची टाकून बसलेले. चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "बलेनोचं का रे?" मग टॉर्च आणायला सांगितला. आम्ही दोघांनी स्पार्क प्लग काढून आत बघितलं. तासभर. आई जेवायला तीनदा हाक मारून दमली.

मग म्हणाले, इंजिन छान आहे. पण आपल्या गाडीचं नाही. २०२६ ला मी तिथे उभा राहून खोटं बोलणार नाही आणि तुलाही बोलू देणार नाही.

कायदेपंडित
वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सूरसागरकर
तर सध्या ठरलंय ते असं. १.३ उघडायचं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, हेड तासून घ्यायचं. काम मिस्त्रीभाऊंकडे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सौंचं ऐकून पुढच्या डिस्क आणि पॅड आधी. बाजवावाल्यांचं ऐकून पाइप. बाबा स्वतः रोज येऊन बसणार आहेत, तेव्हा मिस्त्रीभाऊंनी मनाची तयारी ठेवावी.

मकरपुऱ्याचा_मिस्त्री
येऊ द्या काकांना. चहा आहे, खुर्ची आहे. फक्त मायक्रोमीटरला हात लावायचा नाही.

पिस्टनराव
मी नाराज आहे, पण समजू शकतो. १.६ चं काय करणार?

सूरसागरकर
तेच कळत नाही. आई म्हणते गणपतीच्या आधी जिना रिकामा हवा.

आणंदचा_श्री
नमस्कार, मीही कैक वर्षं वाचनमात्र. माझ्याकडे २००३ ची बलेनो आहे. दोन वर्षांपूर्वी गाडी तापली, हेड वाकलं, ब्लॉकला तडा गेला, तेव्हापासून उभी आहे. कुर्ल्याला आणि दिल्लीला मायापुरीत विचारून थकलो. पंडितजींनी लिहिलंय की त्याच प्रकारचं इंजिन असेल तर नोंद करून घेता येते. तुम्ही विकणार असाल तर मी रविवारी टेम्पो घेऊन येतो. हार्नेस कापलेला नाही हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कायदेपंडित
इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद मागून घ्या, आधी आरटीओला जाऊन मंजुरीचं विचारा, आणि बसवल्यावर १४ दिवस. विसरू नका.

सूरसागरकर
श्री, रविवारी या. भाव काय तो बाबांशी बोला, मी मध्ये पडत नाही. फक्त दुपारी चारनंतर या. सकाळी मला आणि बाबांना ते एकदा बॅटरी लावून फिरवून बघायचंय.